मनोंग दूलो बँक घेतो

कॅलिफोर्नियातल्या गार्डिनाच्या सिल्व्हर पेलिकन क्लबात, खिडकीजवळच्या टेबलावर, पत्ते वाटणारी थिडा दर दोन डावांनी एकेकाकडे बघून विचारते, "बँक घेणार?" आणि दर गुरुवारी दुपारी तेओदुलो दुमलाओ उजवा हात जरासा उचलून नको म्हणतो. रस्त्यात जाहिरातीचा कागद पुढे करणाऱ्याला आपण जसं नको म्हणतो, तसंच. टेबलावरचे बाकीचेही नकोच म्हणतात. मग गळ्यात सरकारी परवान्याचं कार्ड अडकवलेली मारिसेला जांभई दाबत चिप्सचा ट्रे पुढे सरकवते आणि खेळ सुरू होतो. लोकांनी नको म्हटलं की आपण हो म्हणायचं, एवढ्याच कामासाठी एक कंपनी तिला पगार देऊन तिथं बसवते.

तेओदुलोला, म्हणजे ओळखीच्या फिलिपिनो मंडळींच्या मनोंग दूलोला, दूलोदादाला, या व्यवस्थेचं विलक्षण कौतुक होतं. तो पोस्टातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे नियम चांगला असला की त्याचे डोळे पाणावत. आणि इथला नियम तर काय सुंदर होता. क्लबानं स्वतः पत्त्याला हात लावायचा नाही. क्लबानं टेबल द्यायचं, दिवे द्यायचे, वाटणारी द्यायची, बैलाच्या शेपटीचं सूप स्वस्तात द्यायचं, आणि दर डावाला आपलं भाडं घेऊन गप्प बसायचं. कोण जिंकलं, कोण बुडालं, याच्याशी क्लबाचा संबंध नाही. खेळणाऱ्यांपैकीच एकानं बँक व्हायचं, बाकीच्यांनी त्याच्याविरुद्ध खेळायचं; हरणाऱ्यांचे पैसे बँकेनं घ्यायचे, जिंकणाऱ्यांना बँकेनं द्यायचे. आणि बँक एकाच्याच मांडीखाली राहू नये म्हणून ती सगळ्यांना विचारत फिरवायची. हे तो न्हाव्याला सांगत असे, दातांच्या डॉक्टरला तोंड उघडं असताना जमेल तेवढं सांगत असे, आणि एकदा तर त्यानं प्रार्थना संपल्यावर पाद्रीबाबांनाही थांबवून सांगितलं होतं. पाद्रीबाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्यासाठी वेगळी प्रार्थना केली.

मग एके दिवशी त्यानं हे मेव्हण्याला सांगितलं, आणि तिथं घोळ झाला.

मेव्हणा म्हणजे बायकोचा, पुरिंगचा, धाकटा भाऊ, आन्सेल्मो. दोन वर्षांपूर्वी हा जवळच्या कार्सनमधलं घर विकून लास वेगसला गेला आणि तेव्हापासून त्याचा फोन आला की पहिली दहा मिनिटं वेगसच्या घरांच्या किमतींवर जात. पुरिंगचे गुडघे दुखत होते, घराचं छप्पर गळत होतं आणि आन्सेल्मोच्या शेजारचं घर विकायला निघालं होतं. शुक्रवारी बयाणा द्यायचा, असं बहीण-भावात जवळजवळ ठरलंही होतं. दूलोला जायचं नव्हतं. त्याच्या घराच्या अंगणात त्यानं लावलेलं कलामान्सी लिंबाचं झाड होतं, चर्च होतं, गुरुवार होता. पण तसं त्यानं स्वच्छ सांगितलं नव्हतं. तो "बघू" म्हणाला होता. लग्नानंतरच्या साऱ्या आयुष्यात तो बहुतेक वेळा "बघू"च म्हणाला होता.

पुरिंगच्या वाढदिवसाला आन्सेल्मो वेगसहून गाडी हाकत आला. लांबच लांब शेवयांचा पान्सित झाला, लुम्पियाचे तळलेले रोल झाले, आणि पोट भरल्यावर दूलोला धीर आला. तो म्हणाला की तुमच्या वेगसमध्ये मालकच समोर बसून तुमच्याविरुद्ध खेळतो, मग तुम्ही जिंकणार कसे? आमच्या कॅलिफोर्नियात तसं नाही. आमच्याकडे प्रत्येकाचा नंबर येतो. प्रत्येकाला बँक व्हायचा हक्क आहे.

"वा," आन्सेल्मो लुम्पिया सॉसमध्ये बुडवत म्हणाला. "मग मनोंग, तुम्ही किती वेळा घेतलीत बँक?"

दूलोनं पाण्याचा ग्लास उचलला आणि तो रिकामा होता तरी प्यायला. पुरिंग आधी हसली. मग हसता हसता थांबली आणि नवऱ्याकडे बघू लागली, हे जास्त वाईट होतं.

"एकदाही नाही?" तिनं विचारलं. "पोस्टात मोठं पद देत होते, तेव्हा हात हलवलास. गावकरी मंडळाचं अध्यक्षपद घरी चालून आलं, हात हलवलास. पोरीच्या लग्नात बापानं चार शब्द बोलायचे, तर फोटोग्राफरला पुढे केलंस. तो बिचारा चांगला बोलला, ते सोड. नंबर येतो रे, तूच घेत नाहीस. मग नंबर काय इथला आणि काय वेगसचा."

दूलो म्हणाला की ती गोष्ट वेगळी.

"काही वेगळी नाही. गुरुवारी बँक घेऊन दाखव. घेतलीस तर मी वेगसचं नाव काढणार नाही. नाही घेतलीस तर शुक्रवारी बयाणा, आणि परत 'बघू' म्हणायचं नाही."

आन्सेल्मोनं लगेच जाहीर केलं की आपण गुरुवारपर्यंत मुक्काम करू, स्वतः टेबलावर बसू आणि मनोंगच्या बँकेविरुद्ध खेळू. घरच्या माणसाला एवढी मदत करायलाच हवी.

दूलोला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यानं इस्त्रीची पँट घातली, ओळखपत्रं, पेन्शनचे कागद आणि दोन फोटो घेतले आणि बँक घेण्यासाठी अर्ज करायला क्लबात गेला. खिडकीवरच्या बाईनं त्याला दुसऱ्या खिडकीवर पाठवलं. दुसऱ्या खिडकीवरच्या पोरानं त्याचे फोटो पाहिले, चांगले आलेत म्हणाला, आणि त्याला सभासदत्वाच्या टेबलावर पाठवलं. तिथं त्याला क्लबाचं नाव छापलेली टोपी फुकट मिळाली, पण अर्ज मिळाला नाही. शेवटी तो थिडाकडे गेला.

"अंकल, अर्ज कसला?" थिडा म्हणाली. "मी विचारते तेव्हा हो म्हणायचं. बस."

हे ऐकून दूलोचं अवसानच गळालं. अर्ज असता तर त्यात एखादी त्रुटी निघाली असती, एखादी सही राहिली असती, वरच्या ऑफिसातून मंजुरी यायला महिने लागले असते. पोस्टात त्यानं अशी कितीतरी संकटं नुसत्या मंजुरीच्या वाटेवर विरून जाताना पाहिली होती. इथं मध्ये काहीच नव्हतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

घरी येईपर्यंत बातमी गल्लीभर झाली होती. शेजारची मनांग लूझ, म्हणजे लूझताई, म्हणाली की बँक घेणाऱ्यानं त्या दिवशी केस धुवायचे नाहीत आणि घरातून निघताना मागे वळून बघायचं नाही. समोरचे कोरियन गृहस्थ नशिबाचे लाल मोजे घेऊन आले. पलीकडच्या घरातला हिशेबनीस म्हणाला की बँकेचा फायदा बरोबरीत असतो. पत्त्यांच्या एका गटात बरोबरी झाली की तो गट बँकेचा, हे विसरू नका. जन्मभर ना जिंकता ना हरता बरोबरीतच राहिलेल्या दूलोला ही माहिती सगळ्यात मोलाची वाटली.

संध्याकाळी ओनोराटो आला. हा अमेरिकेच्या नौदलात आचारी होता आणि निवृत्तीनंतर फिलिपिन्समधल्या त्यांच्या गावच्या गावकरी मंडळाचा अध्यक्ष झाला होता, म्हणजे जे पद दूलोनं नाकारलं तेच. जहाजात माणसं कमी आणि हुकूम जास्त असतात, त्याची सवय त्याला सुटली नव्हती. त्यानं दूलोला विचारलं, बँकेत पैसे किती आहेत. दूलोनं सांगितलं. ओनोराटोनं डोळे मिटले.

"एवढ्याशा पैशात बँक होत नाही, शेंगदाण्याची गाडी होते," तो म्हणाला. "सगळ्या गावाची इज्जत आहे. मी बघतो."

आणि त्यानं बघितलं. दोन दिवसांत मंडळातल्या प्रत्येकानं बँकेत आपला हिस्सा घातला. मनांग लूझनं बरणीतली चिल्लर ओतली. चर्चच्या गायकवृंदानं नाताळच्या झग्यांसाठी साठवलेले पैसे दिले, तेही आधी बैठक घेऊन आणि दोन सदस्यांनी सभात्याग केल्यावर. कोरियन गृहस्थांनीही थोडे घातले, मोज्यांचे वेगळे. बुधवारी ओनोराटोनं एक खोकं आणून दूलोसमोर उघडलं. आत पिवळे टी-शर्ट होते. पुढच्या बाजूला दूलोचा पोस्टाच्या ओळखपत्रावरचा फोटो छापला होता, आणि पाठीवर प्रत्येक हिस्सेदाराचं नाव. नावाचा आकार हिश्शाप्रमाणे लहान-मोठा ठेवला होता, त्यामुळे गायकवृंद खांद्यापासून खांद्यापर्यंत पसरला होता. स्वतःच्या तोंडाकडे एवढ्या मोठ्या संख्येनं बघायची वेळ दूलोवर कधी आली नव्हती. पुरिंगनं एक शर्ट अंगाला लावून पाहिला आणि घडी घालून ठेवला.

गुरुवारी दुपारी दोन व्हॅन भरून पिवळी माणसं सिल्व्हर पेलिकनच्या दारात उतरली. पान्सितचे ट्रे दारातच अडवले गेले. बाहेरचं खाणं आत चालत नाही. त्यावर ओनोराटोनं नौदलाच्या आवाजात दोन गोष्टी सुनावल्या आणि मग पान्सित दारावरच्या रखवालदारालाच वाढून टाकला. एवढं होईपर्यंत हॉलची देखरेख करणारे मिस्टर कार्डोझा पुढे आले. टाय बांधलेले, सभ्य, थोडे दमलेले गृहस्थ. त्यांनी मनांग लूझला अदबीनं पाठ फिरवायला सांगितलं आणि तिच्या पाठीवरची सगळी नावं सावकाश वाचली.

"सर, बँकेतले पैसे कुणाचे?" त्यांनी दूलोला विचारलं.

दूलो तोंड उघडणार, तोच मागून दोन्ही व्हॅननी एकसुरात सांगितलं की आमचे, सगळ्यांचे. गायकवृंदही त्यात होता, त्यामुळे हे अगदी लयीत झालं.

कार्डोझांनी त्यांना फार चांगल्या शब्दांत समजावलं. कुणाही खेळाडूनं स्वतःच्या पैशानं बँक घ्यावी, तो त्याचा हक्क. पण लोकांकडून पैसे गोळा करून त्यांच्या वतीनं बँक चालवणं हा धंदा झाला. त्याला सरकारी परवाना लागतो, बोटांचे ठसे, चौकशी, सगळं. तिकडे बसलेल्या मारिसेलाच्या गळ्यात आहे ते कार्ड. मारिसेलानं कार्ड उचलून दाखवलं. फोटोत ती आतापेक्षा आनंदी दिसत होती.

मग तिथंच, खेळाच्या हॉलमध्ये, हिस्से परत करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. टी-शर्टच्या पाठी हाच काय तो आधार होता, म्हणून ओनोराटो एकाला उभं करून त्याच्या पाठीवरची नावं वाचायचा आणि हिशेबनीस ज्याचे त्याला पैसे द्यायचा. मनांग लूझला चिल्लरच परत हवी होती. नोटा तिच्या बरणीत मावत असूनही तिनं घेतल्या नाहीत. हा प्रकार पाहायला शेजारच्या टेबलांवरचे लोक खेळ थांबवून आले, आणि त्यांतल्या एकानं टी-शर्ट विकत मिळेल का म्हणून विचारलं. या सगळ्या काळात दूलो आपल्याच चेहऱ्याच्या गर्दीत उभा होता. घरी निघून जावं असं त्याला फार वाटत होतं. त्याला नुसतं "बघू" म्हणायचं होतं. पण पुरिंग भिंतीजवळच्या खुर्चीवर मांडीवर पर्स ठेवून बसली होती, आणि ती कार्डोझांकडे नाही की टी-शर्टांकडे नाही, फक्त त्याच्याकडे बघत होती. तिच्या पर्समध्ये उद्याच्या बयाण्याचं पाकीट होतं. वेगसची गाडी सकाळी लवकर निघणार होती.

त्याच्या हातात स्वतःचे तेवढेच पैसे उरले, शेंगदाण्याच्या गाडीपुरते. तो टेबलावर जाऊन बसला. एका बाजूला मिसेस नाकासोने, गार्डिनाच्या जुन्या रहिवासी, दर गुरुवारच्या आणि दर गुरुवारी नको म्हणणाऱ्या. शेवटच्या खुर्चीवर आन्सेल्मो, समोर चिप्सची ही एवढी उतरंड. थिडानं पत्ते पिसले आणि दूलोकडे पाहिलं.

"बँक घेणार?"

त्याचा उजवा हात सवयीनं उचलला गेला. अर्ध्यावर आला तेव्हा त्याचं त्यालाच कळलं. मग तोच हात त्यानं पुढे नेला, आपले पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "हो."

थिडानं त्याच्याकडे परत एकदा पाहिलं. इतकी वर्षं प्रश्न विचारून तिला उत्तराची सवय राहिली नव्हती. मारिसेलानं आपला ट्रे हळूच मागे ओढला, दोन डाव सुट्टी मिळाली म्हणाली, आणि उपाहारगृहाकडे जवळजवळ पळत गेली. तिला या टेबलावर बसल्यापासून सूप कधी गरम असताना प्यायला मिळालं नव्हतं.

हिशेब कुणापासून हे ठरवणारे फासे पडले, आणि तो मिसेस नाकासोनेंपासून सुरू व्हायचा ठरला. सगळ्यात शेवटी आन्सेल्मो. प्रत्येकाला सात पानं. त्यांतून पाच पानांचा एक गट आणि दोन पानांचा एक गट लावायचा, आणि दोन्ही गट बँकेच्या गटांना भारी पडले तर जिंकला, दोन्ही कमी पडले तर हरला, एकच भारी पडला तर पैसे जागेवर. दूलोनं आपली पानं उघडली. सातांत एकही जोडी नव्हती. रंग नव्हता, ओळ नव्हती. एकमेकांचं तोंड न बघणारी सात पानं होती.

थिडानं बँकेच्या पैशातून एकेकाचे पैसे चुकते करायला सुरुवात केली. मिसेस नाकासोनेंनी आपले घेताना त्याच्याकडे न बघता मान झुकवून माफी मागितली. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. आणि आन्सेल्मोच्या जरा अलीकडे दूलोची बँक संपली. आन्सेल्मो उभाच राहिला होता. त्याच्या पानांत चार एक्के होते. त्यानं ते सगळ्या हॉलला दाखवले. थिडानं त्याचे पैसे, त्यानं लावले होते तेवढेच, परत त्याच्याकडे सरकवले.

"बँक तुमच्यापर्यंत पोचली नाही, सर."

"म्हणजे? चार एक्के आहेत! आयुष्यात पहिल्यांदा आलेत!"

थिडा म्हणाली की पानं फार छान आहेत. नियम असा की बँकेत आहेत तेवढेच पैसे द्यायचे, पुढच्यांचे जसेच्या तसे परत.

"वेगसमध्ये दिले असते," आन्सेल्मो म्हणाला. "मालकानं हसत दिले असते."

"मग वेगसला खेळा," मिसेस नाकासोने म्हणाल्या. त्या टेबलावर सहसा बोलत नसत.

दूलो बुडाला होता. पण बँक दोन डावांची असते, आणि दुसरा डाव अजून त्याचा होता. थिडा त्याच्यापुढच्या रिकाम्या जागेकडे बघत थांबली. भिंतीजवळची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पुरिंग गुडघ्यावर हात देत उठली, टेबलापाशी आली आणि पर्समधलं पाकीट काढलं.

कार्डोझा तिथंच होते. त्यांनी दुःखानं मान हलवली. मॅडम, आत्ताच सांगितलं ना, दुसऱ्याच्या पैशानं बँक घेता येत नाही.

"दुसऱ्याचे कसले?" पुरिंग म्हणाली. "मी बायको आहे यांची. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं लग्नानंतर जे माझं त्यात अर्धं यांचं, आणि यांचं त्यात अर्धं माझं. तुम्हाला माहीत नाही?"

कार्डोझांनी टायची गाठ सैल केली. गेल्याच वर्षी त्यांचा घटस्फोट झाला होता आणि घर, बोट आणि कुत्रा या तिन्हींचे अर्धे त्यांच्या हातून गेले होते, हे सगळ्या क्लबाला ठाऊक होतं.

"मॅडम, माहीत आहे," ते म्हणाले. "पूर्ण माहीत आहे. लावा."

पुरिंगनं पाकिटातल्या थोड्या नोटा दूलोसमोर ठेवल्या. उरलेलं पाकीट बंद करून तिनं परत पर्समध्ये घातलं.

"ते छपराला," ती म्हणाली.

"मनांग," आन्सेल्मो बहिणीला म्हणाला. "उद्याचा बयाणा?"

"यानं मघाशीच हो म्हटलं. तू ऐकलंस ना? बस खाली. पैसे लाव."

दूलोनं बायकोकडे पाहिलं. त्याला खूप काही म्हणायचं होतं, पण फोटोग्राफर तिथं नव्हता. तो नुसता म्हणाला, "थांबशील ना इथं उभी?" ती थांबली. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

या वेळी फासे आन्सेल्मोवरच आले. हिशेब त्याच्यापासून सुरू. त्यानं होती ती सगळी उतरंड पुढे ढकलली. पानं वाटली गेली. दूलोनं लावता लावता दोनदा बदलली, हिशेबनिसाचं काहीतरी आठवलं, परत लावली. थिडानं आधी आन्सेल्मोची पानं उघडली. पाचांच्या गटात दश्श्यांची जोडी, दोनांच्या गटात राजा आणि नव्वी. मग तिनं दूलोची उघडली. पाचांच्या गटात राण्यांची जोडी. तो गट दूलोचा. पिवळ्या शर्टांत हालचाल झाली. मग दोनांचा गट. राजा आणि नव्वी.

"बरोबरी," थिडा म्हणाली, आणि तिचा नेहमीचा सपाट आवाज किंचित वर चढला. "बरोबरी बँकेची. बँक जिंकली."

हिशेबनीस रडला म्हणतात. गायकवृंदानं काहीतरी सुरू केलं होतं, ते कार्डोझांनी पहिल्या ओळीतच थांबवलं. बाकीच्या खेळाडूंचं थोडं इकडे तिकडे झालं, मिसेस नाकासोनेंनी परत थोडे नेले, पण आन्सेल्मोची सगळी उतरंड दूलोसमोर येऊन बसली. दूलोनं तिच्याकडे पाहिलं, आणि त्यातून मेव्हण्याच्या परतीच्या पेट्रोलापुरत्या चिप्स काढून त्याच्यापुढे ठेवल्या. आन्सेल्मोनं त्या घेतल्या.

दोन डाव झाले होते. बँक पुढे सरकायची वेळ होती. थिडानं शेवटच्या खुर्चीकडे पाहिलं.

"बँक घेणार, सर?"

आन्सेल्मोनं उजवा हात जरासा उचलला आणि नको म्हटलं. पुरिंगनं ते पाहिलं. नवऱ्याच्या खांद्यावरचा हात तिनं एकदा दाबला.

"मिसेस नाकासोने?"

तेवढ्यात मारिसेला उपाहारगृहाच्या दारातून सुपाचा वाडगा हातात घेऊनच धावत येताना दिसली. आपला ट्रे उघड्यावर आहे, हे तिला एकदम आठवलं असावं. मिसेस नाकासोनेंनी तिच्याकडे पाहिलं, मग दूलोकडे पाहिलं, आणि चष्मा नीट केला.

"बस तिकडे, पोरी," त्या म्हणाल्या. "सूप संपव. माझा नंबर आहे."